जुनें दुःख, नवा साज

जुनी वस्तु नवी करून विकणें हा व्यापार फार पुरातन आहे, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं आहे असें कोणी मानीत नाहीं. सोनार आजीच्या पाटल्या मोडून नातीचे बिलवर करतो. सुतार पडक्या वाड्याच्या तुळया तासून त्यांचें कपाट बनवितो. पाटल्यांना किंवा तुळयांना याबद्दल कांहीं म्हणावयाचें असेल, अशी शंका आपल्या मनाला शिवत नाहीं. परंतु नवी करावयाची वस्तु जेव्हां एखाद्या माणसाचें गाऱ्हाणें असतें, त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच गळ्यांतून निघालेलें, तेव्हां हा व्यवहार तितकासा सरळ राहत नाहीं. अमेरिकेंतील ब्लूज् व त्यांतून निघालेलें ब्लूज् रॉक या संगीताच्या बाबतींत आज नेमका हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर चालला आहे, आणि त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. विषय परदेशचा आहे खरा. पण प्रश्न परका नाहीं, हें पुढें दिसून येईल.

प्रथम व्यापार कसा चालतो तें पाहूं. चित्रपट, दूरचित्रवाणीवरील मालिका, जाहिराती आणि संगणकावरचे खेळ यांना प्रसंगाच्या पाठीमागें वाजविण्यासाठीं गाणीं लागतात. असें गाणें वापरावयाचें तर दोन परवाने घ्यावे लागतात: एक शब्दांच्या व चालीच्या मालकाकडून, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून. हे दोन मालक बहुधा निरनिराळे असतात, आणि प्रत्यक्ष गाणारा माणूस पुष्कळदां या दोहोंपैकीं एकहि नसतो. गाणीं निवडण्याचें काम करणारा स्वतंत्र इसम असतो. त्याला म्युझिक सुपरवायझर म्हणतात. धुळीच्या रस्त्यावरून मोटार भरधांव निघाली, किंवा करारी चेहऱ्याचा नायक दार ढकलून आंत आला, कीं या गृहस्थाला ब्लूज् रॉकची आठवण होते. त्या संगीतांत राकटपणा आहे, घाम आहे, थोडीशी धमकीहि आहे. मात्र त्याची अट अशी कीं, गाणें ब्लूज् वाटलें पाहिजे, पण जुनें वाटतां कामा नये.

ही अट पुरी करण्याची रीत आतां बरीच ठरून गेली आहे. मूळ संगीताची ठेवण साधी असते. चार चार मात्रांचीं बारा आवर्तनें, तीन कॉर्ड, आणि गंधार, पंचम व निषाद हे स्वर शुद्ध व उतरलेला यांच्या मधल्या कोठल्या तरी जागीं, गायकाच्या मर्जीप्रमाणें हेलकावत घेतलेले. लय डोलणारी, घड्याळाच्या कांट्याशीं बांधलेली नव्हे. नवा साज चढवितांना ही डोलणारी लय संगणकाच्या साहाय्यानें ओढून सरळ रेषेंत बसवितात. खर्जाच्या जागीं रोलंड या जपानी कंपनीनें 1980 सालीं काढलेल्या तालयंत्राचा पोटांत घुमणारा ठोका घालतात. टाळ्यांचे आणि पाय आपटण्याचे आवाज थरावर थर चढवून दाट करतात. गायकाचा आवाज जुन्या टेलिफोनमधून यावा तसा मुद्दाम खरखरीत करतात. म्हणजे गाणें नवें करावयाचें आणि वर पुन्हा त्याला जुनेपणाचा मुलामाहि द्यावयाचा! पडद्यावर संवाद सुरू झाला तर गळा काढून घेतां यावा म्हणून गाण्याचे थर वेगवेगळे ठेवून देतात; पंधरा, तीस व साठ सेकंदांचे तुकडे आधींच तयार करतात. आणि बारा आवर्तनांचा सांचा मोडून सारें गाणें एकाच कॉर्डवर फिरवितात, कारण असें गाणें कोठेंहि कापलें तरी तुटल्यासारखें वाटत नाहीं.

या शेवटच्या युक्तींत एक गंमत आहे. उत्तर मिसिसिपीच्या टेंकड्यांच्या प्रदेशांतील फ्रेड मॅक्डॉवेल, आर्. एल्. बर्नसाइड इत्यादि गायक अनेकदां एकाच कॉर्डवर, एकाच घुमणाऱ्या गतीवर सबंध गाणें म्हणत असत. नाचणाऱ्यांना तेंच सोयीचें होतें. म्हणजे विसाव्या शतकांतील एका खेड्यांत लोकांचे पाय थांबूं नयेत म्हणून जें केलें जाई, तेंच आज चित्रपटाच्या कात्रीच्या सोयीसाठीं नवें म्हणून करण्यांत येतें. नवें आणि जुनें या शब्दांवर नीतीचा निवाडा टांगूं नये, याला एवढें एक उदाहरण पुरेसें आहे.

तरी पण पुष्कळ रसिकांची पहिली तक्रार हीच असते. जुनें तेंच खरें, त्याला हात लावणें हा अपराध, असें ते म्हणतात. या तक्रारीला इतिहासाचा आधार नाहीं. मडी वॉटर्स हा या संगीतांतील थोरांपैकीं एक. 1941 सालीं मिसिसिपींतील स्टोव्हॉल येथील मळ्यावर अॅलन लोमॅक्स व जॉन वर्क यांनीं त्याचें गाणें टिपून घेतलें, तेव्हां तो साधी गिटार वाजवीत असे. 1943 सालीं तो शिकागोला गेला आणि थोड्याच काळांत त्यानें विजेची गिटार हातीं घेतली, कारण तेथल्या गुत्त्यांच्या गोंगाटांत साधी गिटार कोणाला ऐकूं जाईना. पुढें 1958 सालीं तो इंग्लंडांत गेला, तेव्हां मळ्यावरच्या भोळ्या गायकाची अपेक्षा करीत बसलेले कित्येक श्रोते त्या विजेच्या दणदणाटानें हबकून गेले. कांहीं वर्षांनीं तो परत गेला तो लोकांची आवड सांभाळावी म्हणून साधी गिटार घेऊन. तोंवर तिकडच्या तरुणांना विजेच्या गिटारीचें वेड लागलेलें होतें, आणि ते निराश झाले. शुद्धतेचे पुरस्कर्ते कोणत्या दिवशींची शुद्धता मागत आहेत, हें त्यांचें त्यांनाच ठरवितां येत नाहीं. ज्या गायकानें स्वतःच आपलें गाणें नवें केलें, त्याचें नवें केलेलें गाणें हें जुन्याइतकेंच त्याचें आहे.

दुसरी तक्रार जाहिरातीविरुद्ध. दुःखाचें गाणें शीतपेयाच्या विक्रीला जुंपणें ही विटंबना आहे, असें आमच्या पिढीच्या माणसांना सहज वाटतें, आणि आम्हांलाहि ऐकतांक्षणीं तसें वाटतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण येथेंहि इतिहास आडवा येतो. आर्कान्सा संस्थानांतील हेलेना या गांवीं 1941 सालीं ‘किंग बिस्किट टाइम’ नांवाचा रेडिओ-कार्यक्रम सुरू झाला. तो चालविला एका पीठविक्या पेढीनें, किंग बिस्किट या पिठाचा खप वाढावा म्हणून. आणि त्यांत गात होता सनी बॉय विल्यमसन, तोंडानें हार्मोनिका वाजविणारा त्या काळचा अद्वितीय कलावंत. पुढें त्याच्या नांवाचें मक्याचें पीठहि निघालें, आणि पोत्यावर त्याचें चित्र छापलें गेलें. बी. बी. किंगनेंहि तरुणपणीं मेम्फिसच्या रेडिओवर एका पौष्टिक औषधाची जाहिरात गाऊन पोट भरलें. ब्लूज् आणि बाजार हे जुने शेजारी आहेत. ज्यांना दुकान, शेत, बँक यांपैकीं कशांतच जागा नव्हती, त्यांनीं पीठ विकून गाणें चालविलें, तर त्यांना सोंवळेपणा शिकविण्याचा अधिकार आम्हांला कोणीं दिला?

येथें एक भेद मात्र नजरेंतून निसटूं नये. पिठाच्या पोत्यावर सनी बॉयचें नांव होतें. जो गात होता तोच विकत होता, आणि ऐकणारे आपल्याच गांवच्या माणसाला ओळखत होते. आजच्या जाहिरातींत गाणाऱ्याचें नांव कोठेंच नसतें. आवाज असतो; माणूस नसतो. प्रश्नाचें मूळ नव्या वाद्यांत नाहीं, जाहिरातींतहि नाहीं. तें या ठिकाणीं कोठें तरी आहे, असें आम्हांला वाटूं लागतें.

तें अधिक खोलवर पाहण्यास शिकागो येथील चेस कंपनीच्या दोन तबकड्या उपयोगी पडतील. 1968 सालीं कंपनीच्या संस्थापकांपैकीं एकाचा मुलगा मार्शल चेस यानें ठरविलें कीं, मडी वॉटर्सला त्या काळच्या तरुण गोऱ्या श्रोत्यांपुढें आणावें. त्यासाठीं नव्या दमाचे, विजेच्या गिटारीचे नाना विकृत आवाज काढणारे वादक त्याच्या भोंवतीं बसविण्यांत आले, त्याचीं जुनीं गाणीं त्यांत भिजवून काढण्यांत आलीं, आणि ‘इलेक्ट्रिक मड’ या नांवानें संग्रह निघाला. आरंभीं तो चांगला खपला. टीकाकार त्यावर तुटून पडले, आणि खुद्द मडी वॉटर्सलाहि तो कधीं रुचला नाहीं. रंगमंचावर आपल्या वादकांना घेऊन जें वाजवितां येत नाहीं तें आपलें कसें म्हणावें, ही त्याची अडचण होती. पुढच्याच वर्षीं तोच प्रयोग हाउलिन् वुल्फ यावर झाला. तो तर फारच संतापला. तेव्हां कंपनीनें काय केलें? त्याचा संतापच तबकडीच्या वेष्टनावर छापला: हा त्याचा नवा संग्रह आहे, त्याला तो आवडलेला नाहीं, आणि विजेची गिटारहि त्याला प्रथम आवडली नव्हती, अशा आशयाचा मजकूर ठळक अक्षरांत बाहेर आला. ज्याचें गाणें त्याची नापसंती हीसुद्धां विक्रीची वस्तु झाली! आमच्या मतें या सबंध इतिहासांत इतकी उघडीवाघडी गोष्ट दुसरी नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, शेवटीं काळानें मार्शल चेसच्या बाजूनेंच निकाल दिला. पब्लिक एनिमी या रॅप मंडळींतील चक् डी याला ‘इलेक्ट्रिक मड’नेंच ब्लूज्ची गोडी लागली, आणि 2003 सालीं निघालेल्या एका माहितीपटांत त्यानें त्या जुन्या वादकांना पुन्हा एकत्र आणलें. हें खरें आहे, आणि तो संग्रह आज ऐकतांना त्यांतील कांहीं जागा आम्हांलाहि विलक्षण वाटतात. पण फळ चांगलें निघालें म्हणून बी पेरणाऱ्यानें कोणाच्या शेतांत पेरलें हा प्रश्न मिटत नाहीं. सुनेच्या अंगावरचे दागिने न विचारतां मोडून घर बांधलें, आणि घर सुंदर झालें. घर सुंदर आहे एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

पैशाचा प्रश्न आम्ही थोडक्यांत उरकतों, तो क्षुल्लक आहे म्हणून नव्हे, तर त्यांत न्याय कोठें आहे हें शोधावें लागत नाहीं म्हणून. आर्थर क्रडप यानें 1946 सालीं ध्वनिमुद्रित केलेलें ‘दॅट्स ऑल राइट’ हें गाणें 1954 सालीं एल्व्हिस प्रेस्ली यानें नव्या ढंगांत गाइलें आणि त्यावर त्याची कारकीर्द उभी राहिली. क्रडपला त्याच्या हक्काच्या रकमेंतील बहुतेक भाग 1974 सालीं मरेपर्यंत मिळाला नाहीं. विली डिक्सन यानें लिहिलेलें आणि मडी वॉटर्सनें गाइलेलें एक गीत लेड झेपलिन या इंग्रज मंडळीच्या 1969 च्या ‘होल लॉटा लव्ह’मध्यें उतरलें. डिक्सननें 1985 सालीं दावा लावला, आणि 1987 सालीं न्यायालयाबाहेर तडजोड झाली. उलट बाजूचें उदाहरणहि सांगितलें पाहिजे. स्किप जेम्स या वृद्ध गायकाचें 1931 सालचें गाणें क्रीम या इंग्रज त्रयीनें 1966 सालीं विजेच्या गर्जनेंत गाइलें, त्याचें नांव लावलें, आणि त्या पैशाचा त्याच्या शेवटच्या दुखण्यांत उपयोग झाला. तो 1969 सालीं वारला. क्रीमची ती गर्जना जेम्सच्या त्या सूक्ष्म, भेसूर, बारीक आवाजाच्या गाण्यापासून शेंकडों कोस दूर आहे. तरीहि या व्यवहारांत अन्याय झाला असें कोणी म्हणणार नाहीं. साज कितीहि बदला. नांव ठेवा, हिशेब चोख ठेवा, इतकें पाळलें तर पुष्कळ भांडणें मिटतात.

पुष्कळ मिटतात, सगळीं नव्हेत. याच प्रश्नाचा जो भाग उरतो तो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो 1998 व 1999 या लागोपाठच्या दोन वर्षांत निघालेल्या दोन संग्रहांवरून नीट समजतो.

पहिला बर्नसाइडचा ‘कम ऑन इन’. त्याचा जन्म 1926 चा. आयुष्याचा मोठा भाग शेतावर राबण्यांत गेला. मिसिसिपींतील फॅट पॉसम या लहानशा कंपनीनें म्हातारपणीं त्याला पुढें आणलें, आणि 1998 सालीं टॉम रॉथ्‌रॉक याच्याकडून त्याच्या गाण्यांवर तालयंत्रांचा नवा साज चढवून घेतला. त्यांतील एक गाणें ‘द सोप्रानोज्’ या गाजलेल्या मालिकेंत वापरलें गेलें, आणि ज्यांनीं मिसिसिपीचें नांवहि ऐकलें नव्हतें त्यांच्या घरांत बर्नसाइडचा आवाज जाऊन पोंचला. हे नवे साज आपल्याला आरंभीं फारसे आवडले नव्हते, पण पैसे येऊं लागल्यावर आवडूं लागले, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. या उद्गारांवर नाक मुरडणाऱ्यांनीं हाउलिन् वुल्फचा संताप आणि बर्नसाइडची ही मिस्किल कबुली शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. वुल्फला विचारलें नाहीं. बर्नसाइड डोळे उघडे ठेवून व्यवहारांत उतरला. त्याच्या हंसण्यांत पराभव आहे कीं शहाणपण आहे, हें ठरविण्याची घाई आम्ही करणार नाहीं. पण तो हंसूं शकत होता. तो जिवंत होता.

दुसरा संग्रह मोबी या संगीतकाराचा ‘प्ले’, 1999 चा. त्यानें लोमॅक्स यांनीं खेड्यापाड्यांतून टिपलेल्या जुन्या गाण्यांतले आवाज उचलले, त्यांच्या ओळी फिरत्या ठेवल्या, आणि त्यांखालीं आपला पियानो व तालयंत्रें घातलीं. संग्रहांतील अठराच्या अठरा तुकडे चित्रपट, मालिका व जाहिराती यांना परवान्यानें देण्यांत आले; एका संग्रहाचा असा सर्वच्या सर्व विनियोग झाल्याचें उदाहरण तोंवर ऐकिवांत नव्हतें. यांतील सर्वांत विलक्षण आवाज व्हेरा हॉल हिचा. ही बाई अलाबामांतील लिव्हिंग्स्टन गांवची. परक्यांच्या घरीं स्वयंपाक आणि धुणें करून तिनें संसार चालविला. शेंकडों गाणीं तिच्या तोंडांत होतीं, आणि आवाज इतका स्वच्छ कीं टिपणारे थक्क होत. 1964 सालीं ती वारली. म्हणजे तिचा आवाज मोटारींच्या आणि चित्रपटांच्या बाजारांत आला तेव्हां तिला जाऊन पस्तीस वर्षें झालीं होतीं.

येथें कोणीं कायदा मोडला नाहीं, आणि संगीत वाईट झालें असें म्हणण्याचीहि सोय नाहीं. तें सुंदर झालें आहे. मोबी नसता तर तिचा आवाज मोजक्या अभ्यासकांच्या कपाटांत पडून राहिला असता, हा युक्तिवाद पोकळ नाहीं. उपयुक्ततावादी माणूस हिशेब मांडील आणि म्हणेल: एका मृत स्त्रीचें नुकसान शून्य, लक्षावधि श्रोत्यांचा आनंद अपार, वाद संपला. पण कांट यानें घालून दिलेली मर्यादा या हिशेबाच्या बाहेर राहते. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें तो म्हणतो. आणि ‘केवळ’ या शब्दांतच सारें मर्म आहे. व्हेरा हॉलचा आवाज साधन झाला यांत वावगें नाहीं. आवाज ऐकून ज्याला ‘ही कोण?’ असें विचारावेंसें वाटतें, त्याला उत्तर मिळण्याची वाट उघडी आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. संग्रहाच्या बाबतींत ती वाट आहे. तिचें नांव शोधणाऱ्याला सांपडतें. तीस सेकंदांच्या जाहिरातींत ती वाट बंद होते. तेथें तो आवाज कोणाचाच नसतो. मीठ घालावें तशी चिमूटभर वेदना घातलेली असते.

आणि आतां आम्ही ज्या मुद्द्यावर येतों तो संगीताच्या जाणत्यांनाहि कदाचित् नवा वाटेल. ब्लूज्च्या कडव्याची बांधणी तीन ओळींची असते. पहिल्या ओळींत गाऱ्हाणें मांडावयाचें. दुसऱ्या ओळींत तेंच पुन्हा म्हणावयाचें, पण खालची कॉर्ड बदललेली असते, म्हणून तेच शब्द आतां निराळे वाटतात. जणूं माणूस स्वतःच्याच शब्दांकडे वळून पाहतो. आणि तिसऱ्या ओळींत त्याला उत्तर द्यावयाचें. हें उत्तर कधीं थट्टेचें असतें, कधीं निश्चयाचें, कधीं निव्वळ गांव सोडून जाण्याचें. पण उत्तर असतें. मालकाची मुजोरी, नदीचा पूर, गेलेली बायको, या सगळ्यांवर माणसाचा शेवटचा शब्द त्या तिसऱ्या ओळींत असतो. ब्लूज् हें रडगाणें नव्हे, असें जाणते जें सांगत आले आहेत, त्याचें कारण आमच्या मतें या ओळींत आहे.

परवान्याच्या बाजारासाठीं गाणें नवें करतांना नेमकी हीच ओळ जाते. संवादाखालीं अर्थपूर्ण उत्तर नको असतें; तें पडद्यावरच्या कथेंत लुडबुड करतें. म्हणून पहिली ओळ घेतात आणि तीच फिरत ठेवतात. गाऱ्हाणें राहतें, उत्तर जातें. मग ऐकणाऱ्याच्या मनांत त्या लोकांची जी मूर्ति उभी राहते ती सोसणाऱ्याची, घुमणाऱ्याची, भारदस्त दुःखाची; डोळा मिचकावून धन्याला चकविणाऱ्याची नव्हे. तालयंत्र घातल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. लय सरळ केल्यानें फार तर रसहानि होते, आणि रसहानि हा गुन्हा नव्हे. परंतु एखाद्याचें बोलणें अर्ध्यावर तोडून तेवढाच भाग शेंकडों वेळां त्याच्याच आवाजांत वाजवीत राहणें, याला सभ्य समाजांत काय म्हणतात हें सांगावयास नको. ज्यांनीं गाणें नवें करतांना ती तिसरी ओळ राखली, त्यांनीं बाकी कांहींहि बदललेलें असो, आम्ही त्यांच्याशीं भांडणार नाहीं.

कायदा याबाबत कितपत मदत करतो? अमेरिकेचा कायदा मुख्यतः मालमत्तेचा आहे. कृतीची विटंबना होऊं नये हा कर्त्याचा हक्क तेथें 1990 च्या कायद्यानें चित्र, शिल्प यांसारख्या कृतींपुरता मान्य झाला. गायकाला तो नाहीं. म्हणून टॉम वेट्स यासारख्याला आडवाटेनें जावें लागलें. या गायकानें जाहिरातींना आवाज न देण्याचा नेम केलेला होता. जाहिरातबाजीची टर उडविणारें त्याचें 1976 सालचें एक गाणें आहे. 1988 सालीं एका खाऊच्या जाहिरातीसाठीं फ्रिटो-ले या कंपनीनें त्याच गाण्याच्या धर्तीवर, त्याच्याच घोगऱ्या आवाजाची नक्कल करणारा गायक आणून गाणें करविलें. म्हणजे जाहिरातीच्या टवाळीचीच जाहिरात! वेट्सनें दावा केला; 1992 सालीं वरिष्ठ न्यायालयानेंहि त्याचा पक्ष मान्य केला, आणि त्याला वीस लाखांहून अधिक डॉलर मिळाले. पण तो नामांकित होता, जिवंत होता, वकील देऊं शकत होता. व्हेरा हॉलपाशीं यांतलें एकहि नव्हतें.

आपल्याकडील कायदा या बाबतींत शब्दांनीं तरी उदार आहे. 1957 च्या अधिनियमांतील सत्तावन्नावें कलम ग्रंथकर्त्याला त्याच्या कृतीच्या विद्रूपीकरणाविरुद्ध उभें राहण्याचा हक्क देतें, आणि हक्क विकून टाकला तरी तो हक्क उरतो. 2012 च्या दुरुस्तीनें असाच हक्क गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनाहि दिला. त्याच दुरुस्तीनें असेंहि ठरविलें कीं, गाण्याचें पहिलें ध्वनिमुद्रण होऊन पांच वर्षें झाल्यावर ठराविक रक्कम भरून त्याची नवी आवृत्ति करतां येते, पण तीसाठीं जरूर नाहीं असा फेरफार मूळांत करतां येत नाहीं. जरूर कोणती आणि हौस कोणती, हें ठरवितांना न्यायाधीशाचीहि तारांबळ उडेल!

आमच्या रंगभूमीनें तर हा सारा प्रश्न केव्हांच अनुभविला आहे. किर्लोस्करांच्या 1882 च्या ‘सौभद्रा’ंत कित्येक चाली लोकांच्या तोंडच्या होत्या. 1911 सालीं ‘मानापमाना’च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनीं उत्तर हिंदुस्थानांतील ठुमरी-कजरीच्या चाली आणून दिल्या, आणि महाराष्ट्र वेडा झाला. त्या चाली पूर्वी कोणाच्या गळ्यांत होत्या, कोणत्या कोठीवर त्या घडल्या, हें मराठी प्रेक्षकानें विचारलें नाहीं. चाली इकडे आल्या, गाणाऱ्या स्त्रिया तिकडेच राहिल्या. टेंबे यांच्या प्रतिभेबद्दल आमच्या मनांत आदरच आहे. शब्द नवे, प्रसंग नवा, चाल नव्या देहांत पुन्हा जन्मली. पण व्हेरा हॉलच्या बाबतींत अमेरिकेकडे बोट दाखवितांना उरलेलीं बोटें कोणाकडे वळतात, हें दृष्टीआड करून चालणार नाहीं. उलट टोकाला एकनाथ आहेत. त्यांनीं शके 1506 मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढें कोणीं आपली ओवी त्यांत घालूं नये म्हणून कडक शब्दांत बजावून ठेवलें. पण तेच एकनाथ भागवताच्या एकादश स्कंधाचें मराठींत केवढें नवें रूप करतात! संहिता राखणें आणि साज बदलणें हीं दोन कामें एकाच माणसानें केलीं, आणि कोणतें काम आपण करीत आहों याचा घोटाळा त्यांच्या मनांत कधीं झाला नाहीं. तबकडी नव्यानें विकणाऱ्यांपुढें हा नमुना ठेवण्यासारखा आहे: मूळ मुद्रण जसेंच्या तसें उपलब्ध ठेवावें, आणि नवें रूप नव्या नांवानें, आपल्या जबाबदारीवर काढावें. जुनें दाबून ठेवून नवेंच तेवढें बाजारांत आणणें, ही मात्र निव्वळ वखारीची नीति झाली.

लौकरच हा प्रश्न आणखी एका अंगानें कठीण होणार आहे. अमेरिकेंत 2018 सालीं झालेल्या कायद्यान्वयें 1923 पूर्वीचीं सर्व ध्वनिमुद्रणें 1 जानेवारी 2022 रोजीं सर्वांना मोकळीं झालीं, आणि 1924 च्या आरंभापासून नव्हे, तर 2024 च्या आरंभापासून दर वर्षीं आणखी एकेका वर्षाचीं मोकळीं होत आहेत. मेमी स्मिथ हिचें 1920 सालचें ‘क्रेझी ब्लूज्’, ज्याच्या खपामुळें कृष्णवर्णीय गायिकांची ब्लूज् गाणीं मुद्रित करण्यांत पैसा आहे हें कंपन्यांना प्रथम उमगलें, तें आतां कोणीहि घ्यावें, कापावें, त्याखालीं हवा तो ठोका घालावा. परवाना मागावयाचा नाहीं, कोणाला एक कवडीहि द्यावयाची नाहीं. 1923 सालीं बेसी स्मिथनें गाइलेलें ‘डाउनहार्टेड ब्लूज्’हि तसेंच मोकळें झालें आहे. गायिका गेल्या, कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, हक्कहि संपले. त्या आवाजाखालीं तिचें नांव लिहावयाचें कीं नाहीं, आणि तिसरी ओळ ठेवावयाची कीं कापावयाची, हें आतां सर्वस्वीं संगणकापुढें बसलेल्या त्या तरुणावर आहे.